खिडकीतलं लाल कापड

शोकसभेत मला बोलू दिलं नाही, ते बरंच झालं. बोललो असतो तर अर्धी सभा उठून गेली असती आणि उरलेल्या अर्ध्या सभेनं मला उठवलं असतं. "तू घरचा माणूस, तू शेवटी बोल," असं म्हणत त्यांनी मला मागे ठेवलं, आणि शेवटी चहा आला. चहा आल्यावर आमच्या बेटावर कोण कुणाचं ऐकतं? म्हणून आता इथं बोलतो.

एकेक जण उठत होता आणि तेच तेच बोलत होता. प्रेमळ होत्या. दयाळू होत्या. सगळ्यांच्या आई होत्या. अहो, आई कसली? ती माझी आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळं बेट तिला आत्याच म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. प्रेमळ होती का? होती. पण प्रेमळ काय, पोस्टमनचं कुत्रंही आहे. तिनं काय केलं ते सांगा ना! ते एकानंही सांगितलं नाही. कारण ते सांगितलं असतं, तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, की आता ते कोण करणार? आणि तो प्रश्न त्या हॉलमध्ये कुणालाच नको होता.

मी लाँच चालवतो. आधी वडील चालवायचे, आता मी. बेटावरून पलीकडे दिवसभर फेऱ्या होतात, पण खरी लाँच एकच, संध्याकाळी सहाची. ती शेवटची. ती चुकली की सकाळपर्यंत पाण्याकडे बघत बसा. दवाखाना पलीकडे, रात्रपाळीच्या फॅक्टऱ्या पलीकडे, रेल्वे पलीकडे. आमच्याकडे काय, तर एक शाळा, एक बर्फाचा कारखाना आणि आमची तोंडं.

आता आमच्या धक्क्याची गंमत ऐका. ज्यानं बांधला त्यानं डोळे मिटूनच बांधला असणार. वरच्या वस्तीतून रस्ता उतरतो तो बर्फाच्या कारखान्याच्या मागून, आणि मध्ये कारखान्याची ही एवढी उंच भिंत. लाँचवरून रस्ता दिसत नाही, रस्त्यावरून लाँच दिसत नाही. कुणी जिवाच्या आकांतानं पळत येत असलं तरी मला पत्ता नाही. तो भिंतीजवळचं वळण ओलांडून धक्क्यावर येईपर्यंत मी पाण्यात. ओरडून उपयोग नाही, कारण इंजिन सुरू झालं की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. सबंध बेटावर एकच जागा अशी, की जिथून दोन्ही दिसतं. भिंतीच्या कोपऱ्याला लागून आत्याचं घर आहे. त्याच्या वरच्या खोलीला दोन खिडक्या, एक रस्त्यावर उघडते, दुसरी धक्क्यावर.

आत्या इथंच जन्मली आणि इथंच तिचं लग्न झालं. नवरा टेलर होता. तिला शिवायला त्यानंच शिकवलं, आणि थोड्या वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं पायाचं मशीन, कात्री आणि उसवलेले कपडे घेऊन दारात उभी असलेली माणसं. वडील म्हणाले, "आमच्याकडे राहायला ये." ती म्हणाली, "आणि मशीन कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?" विषय संपला. मशीन तिनं खालच्या अंधाऱ्या दुकानातून वरच्या खोलीत नेलं. पुढं लोकांनी त्याच्या पुष्कळ कहाण्या रचल्या, सभेत तर एकानं सेवेचं व्रत वगैरे सांगितलं. व्रत नाही नि बित नाही. वर उजेड बरा यायचा, सुईत दोरा ओवायला.

तर एका संध्याकाळी ती परकर शिवत बसली होती. रस्त्याकडच्या खिडकीतून तिला दिसलं, की एक बाई तापानं फणफणलेलं पोर छातीशी धरून पळत येतेय. इकडच्या खिडकीतून दिसलं, की तिचा भाऊ दोर सोडतोय. ती ओरडली. काही उपयोग झाला नाही. मग मशीनवरचं कापड तसंच सुईतून ओढलं आणि खिडकीबाहेर धरून हलवायला लागली. कापड लाल होतं. लाल म्हणजे धोका, एवढं लाँच चालवणाऱ्याला कळतं. बहिणीच्या घराला आग लागली की काय म्हणून वडील इंजिन बंद करून धक्क्यावर उडी मारून जिना चढून वर गेले. तोवर ती बाई लाँचमध्ये येऊन बसलीसुद्धा. वडील धापा टाकत विचारतायत, "काय झालं? काय झालं?" आणि आत्या परकराची शिवण बघत म्हणते, "पोहोचली ना ती? मग जा आता. उशीर होतोय."

वडिलांनी तिला काय काय सुनावलं ते मी इथं सांगत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लाल कापड. मग पुन्हा. मग तो कायदाच झाला. खिडकीत लाल कापड दिसलं, की कुणीतरी येतंय, थांबा. येणारा वळणावर पोहोचला, की ती कापड आत ओढून घ्यायची, म्हणजे आता सुटा. कापड नाही, म्हणजे मागे कुणी नाही. सहा वाजायला आले की हातातलं शिवण बाजूला ठेवून ती दोन खिडक्यांच्या मध्ये खुर्ची ओढायची. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, अंगात ताप असो. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा जेवणाच्या पानावरून उठून गेली. माझी बायको ते अजून काढते.

आणि कुणासाठी थांबवायचं, कुणासाठी नाही, असलं काही नाही! तिच्या शेजारच्या बाईनं गटाराच्या पाण्यावरून तिच्याशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता. समोरून आली की थुंकायची. ती बाई एकदा उशिरा निघाली, तर आत्यानं तिच्यासाठीही कापड लावलं. मी चिडून विचारलं, "हिच्यासाठी कशाला?" तर म्हणाली, "रस्त्यावरून येताना वरून फक्त डोकी दिसतात रे. डोक्यावर लिहिलेलं नसतं, कोण बोलतं आणि कोण बोलत नाही ते." माझा नवा कोरा रेनकोट तिनं कुठल्याशा मजुराला मला न विचारता देऊन टाकला. "तू तर छपराखाली असतोस," म्हणे. अशा बाईचं काय करायचं, सांगा.

माझ्या तर नाकी नऊ आणले तिनं. वडिलांच्या काळी लाँच घरची होती, थांबली तर थांबली. माझ्या वेळेपर्यंत पलीकडे ऑफिस आलं, परवाना आला, वेळापत्रक आलं. उशीर झाला की नोटीस. आणि नोटीस का यायची? कारण आमचे हेडमास्तर. आता निवृत्त आहेत, बेटाच्या कमिटीचे अध्यक्ष आहेत, आणि आठवड्यातून दोनदा मुलीकडे पलीकडे जातात. लाँच जरा उशिरा सुटली, की बाकावर बसल्या बसल्या मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटायचे आणि पलीकडे उतरले की सरळ ऑफिसात तक्रार. मी आत्यावर ओरडायचो, "माझा परवाना जाईल ना! मग बस कापड हलवत, आणि थांबवायला लाँचच नसेल!" ती सुईत दोरा ओवत म्हणायची, "तू घड्याळ बघ, मी माणसं बघते. दोघं मिळून होईल काहीतरी." काय होणार होतं? बोलणी मला बसायची!

पुढे तिचे डोळे गेले. गेले म्हणजे मोतीबिंदू, दोन्हीकडे. सांगते कुणाला? एका संध्याकाळी लाल कापड लागलं. थांबलो. थांबलो, थांबलो, कुणी येईना. हेडमास्तरांचं बोट घड्याळावर टकटक करतंय. शेवटी वळणावरून डुलत डुलत एक शेळी आली, तिनं लाँचकडे एकदा बघितलं आणि कारखान्याच्या भिंतीवरचा कागद खायला लागली. सगळी लाँच हसली. मी हसलो नाही. आमचा खलाशी आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो कायम बंद असतो. तोसुद्धा त्या दिवशी बोलला. "आत्याला दिसत नाही," एवढंच बोलला.

मग मी हट्टाला पेटलो. पलीकडच्या दवाखान्यात नेऊन दाखवलं, ऑपरेशनची तारीख घेतली. सकाळी लवकर टेबलावर घेणार, म्हणून आदल्या संध्याकाळी सहाच्या लाँचनं जायचं ठरलं. आता मला सांगा, माणसानं त्या दिवशी काय करावं? पिशवी भरून धक्क्यावर येऊन बसावं. पण नाही! वरच्या वस्तीतल्या एका मुलीचा ब्लाऊज द्यायचा राहिला होता, तिचा साखरपुडा होता. "एवढा देऊन येते," म्हणून बाई काठी टेकत चढ चढून गेली. ब्लाऊज खांद्यात सैल झाला, मग तिथंच बसून टीप मारली. मग निघाली.

सहा वाजले. मी सवयीनं खिडकीकडे बघितलं. कापड नाही. म्हणजे मागे कुणी नाही. मला वाटलं आत्या आत बायकांत बसलीय. बायकांना वाटलं ती पुढे माझ्याजवळ बसलीय. हेडमास्तर म्हणाले, "वा, आज वेळेवर!" आणि आम्ही निघालो. पलीकडे सगळे उतरले, तेव्हा कळलं, आणि रात्री लाँच पलीकडेच बांधायची, अंधारात फेरीला परवानगी नाही.

अहो, भरलेली लाँच होती! त्यातल्या प्रत्येकासाठी ती कधी ना कधी त्या खिडकीत उभी राहिली होती. सगळ्यांना ठाऊक होतं की आज आत्याला जायचंय. पण एकाच्याही मनात आलं नाही, की आज खिडकीत कोण आहे? खिडकी म्हणजे आपोआप चालते असं वाटायचं त्यांना, भिंतीवरच्या घड्याळासारखी. मी सकाळी पहिली फेरी घेऊन आलो, तर ती धक्क्यावरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. रात्रभर तिथंच, पहिली फेरी तरी चुकू नये म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तीच हसायला लागली. म्हणते, "अरे, मी खिडकीत असते ना, तर मला थांबवलं असतं!" मला रडू आलं आणि तिचा रागही आला. दोन्ही एकदम आलं की माणूस नुसता खेकसतो, तसा मी खेकसलो.

पुढची तारीख फार उशिरा मिळाली. तोवर मोतीबिंदू पिकून एक डोळा कायमचा गेला. दुसऱ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि ती पुन्हा खुर्ची ओढून बसली.

पण त्या रात्रीनंतर एक बदल झाला. जन्मात कधी कुणाकडे काही न मागणारी बाई मागायला लागली. पैसे नाही, औषध नाही, सोबत नाही. "संध्याकाळी थोडा वेळ खिडकीत बसायला कुणीतरी या रे," एवढंच. "माझ्यानंतर कुणाला तरी सवय हवी." ज्याला त्याला विचारायची. बायकांच्या मंडळाला विचारलं, तर त्यांचा त्याच वेळी स्वयंपाक. कारखान्यातल्यांना विचारलं, तर पाळी बदलायची वेळ. माझी बायको शाळेच्या स्वयंपाकघरातून येते तीच मुळी सहाला, कमरेचा काटा ढिला होऊन. हेडमास्तरांनाही विचारलं. ते म्हणाले, "कमिटीच्या बैठकीत विषय घेऊ." अजून घेतायत! सगळे तिचं कौतुक करायचे, हात जोडायचे आणि हात वर करायचे. ती मला म्हणायची, "चांगली माणसं आहेत रे, वेळ नसतो त्यांना." मी म्हणायचो, "आत्या, तुला तरी कुठं होता?" त्यावर ती मशीनचं चाक फिरवायला लागायची.

गेली ती अशीच, दुपारी मशीनवर, पाय पायडलवर ठेवून. पुष्कळ म्हातारी झाली होती, त्रास झाला नाही. त्या संध्याकाळी लाँच सुटलीच नाही. माझ्यानं सोडवेना, आणि ऑफिसानंही पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

आता ऐका पुढचं. ती गेल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी वरच्या वस्तीतल्या गवंड्याची बायको मागे राहिली. नुकतीच पलीकडे पॅकिंगच्या फॅक्टरीत रात्रपाळीला लागलेली. मी खिडकीकडे बघितलं, खिडकी बंद, मी निघालो. ती धक्क्यावर पोहोचली तेव्हा लाँच समोर दिसत होती म्हणे, दगड मारला तर लागेल इतकी जवळ. मुकादमानं तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुन्हा खाडा झाला तर येऊ नकोस. ती माझ्याकडे येऊन भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून मी सभेत हेच बोलणार होतो. फुलं नकोत, भाषण नको, संध्याकाळी एक माणूस द्या. आळीपाळीनं बसा, पण बसा. तर चहा आला, ते सांगितलंच. आणि चहाआधी ठराव झाला, एकमतानं, टाळ्यांच्या गजरात. आत्यांच्या स्मरणार्थ त्यांची खिडकी जतन करायची. मला क्षणभर वाटलं, अरे, शहाणे झाले की काय! दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर आलो आणि कपाळावर हात मारून घेतला. धक्क्याकडच्या खिडकीत आत्याचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्याखाली लाल कापड. साधंसुधं नाही, साटीनचं, खाली सोनेरी झालर. चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून पक्कं केलेलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून!

मला सांगा, याला काय म्हणायचं? कायमचं लाल कापड! जे कापड कधी निघतच नाही, ते लावून उपयोग काय? आत्या असती तर पोट धरून हसली असती आणि मग सांगितलं असतं, झालर तिरकी आहे.

सहाला लाँच भरली. हेडमास्तर बॅग घेऊन नेहमीच्या बाकावर. रेडिओनं दोर हातात घेतला. मी वर बघितलं, आणि माझा हात इंजिनच्या कळीवरच राहिला. लहानपणापासूनची सवय, काय करणार? लाल दिसलं की हात पुढे जात नाही.

"काय झालं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"कापड लागलंय."

"अहो, ते शोभेचं आहे!"

"असेल. मला कसं कळणार? मागे कुणी असेल तर?"

"कुणी नसेल हो. निघा आता."

"तुम्हाला दिसतंय का?" मी म्हटलं. "मला नाही दिसत. कापड असलं की थांबायचं, एवढंच मला माहीत. ते काढा, मी सुटतो."

लोक कुरकुरायला लागले. कुणी म्हणालं हा दुःखानं भ्रमिष्ट झालाय, कुणी म्हणालं मुद्दाम करतोय. मुद्दामच करत होतो. आणि माझं डोकं इतकं तापलेलं होतं, की परवाना गेला तर गेला, असं मी मनाशी म्हणून टाकलं. हेडमास्तरांचं बोट घड्याळावर आपटत होतं. शेवटी ते ताडकन उठले. "ठराव माझा, कापड मी लावलं, मीच काढतो! पण आज ऑफिसात तुमची गाठ माझ्याशी आहे." असं म्हणून बॅग बाकावर टाकून तरातरा उतरले. त्या वयात तो जिना चढायचा म्हणजे काही सोपं नाही.

थोड्या वेळानं खिडकीत फोटोच्या मागे त्यांचं डोकं दिसलं. फोटो बाजूला केला. कापड धरून ओढलं, खिळा निघेना. एक कोपरा सुटला. दुसऱ्याला हात घातला आणि घाम पुसायला म्हणून ते मागे वळले, रस्त्याकडच्या खिडकीकडे.

आणि तिथंच थांबले. पाठ आमच्याकडे. मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. मग एकदम इकडे वळले, आणि सुटलेला तो कोपरा त्यांनी दोन्ही हातांनी पुन्हा खिडकीवर दाबून धरला. आयुष्यभर सगळ्या शाळेला एका नजरेत गप्प करणारा माणूस वरून मोठमोठ्यानं काहीतरी ओरडत होता आणि मान हलवत होता, थांबा, थांबा.

मी थांबलो.

बऱ्याच वेळानं वळणावरून गवंड्याची बायको आली, डबा पोटाशी धरून, चपला हातात घेऊन. उडी मारूनच आत आली आणि खाली बसून दम खात राहिली. ती दिसली त्याच वेळी वरून कापड निघालं होतं. हेडमास्तरांनी ते खिळ्यांसकट ओढून काढलं होतं, साटीन टर्रकन फाटलं ते मला दिसलं. ती वळणावर पोहोचली, कापड आत. कायदा त्यांनाही पाठ होता. सगळ्यांनाच पाठ आहे, तीच तर चीड येते मला.

आता सुटायला हवं होतं. पण हेडमास्तर अजून वरच. मी हात करून विचारलं, येताय का? त्यांनी पहिल्यांदा घड्याळाकडे बघितलं. मग जिन्याकडे. मग पुन्हा रस्त्याकडच्या खिडकीतून वाकून बघितलं, आणखी कुणी आहे का ते. आणि मला हातानंच खूण केली, जा.

रेडिओनं दोर सोडला. मी भोंगा दिला आणि निघालो. खिडकी दिसेनाशी होईपर्यंत ते तिथंच उभे होते, हातात ते फाटकं कापड घेऊन. आणि त्यांची बॅग बाकावर तशीच पडली होती. पलीकडे पोहोचेपर्यंत तिच्याजवळ कुणी बसलं नाही.